विश्लेषण : मासेमारीवर अख्खे प्रकरण लिहिणारा राजा सोमेश्वर कोण होता?

उमरेड : पावसाळा ओसरला की तालुक्यातल्या तलावांच्या काठी गळ टाकून बसलेली माणसे दिसू लागतात. पाण्याखाली काय चालले आहे हे त्यांना दिसत नाही. दोरीला बांधलेला तरंगता तुकडा हलला की मासा लागल्याचे कळते. परदेशातील फ्लाय फिशिंगमध्ये याच कामासाठी ‘स्ट्राइक इंडिकेटर’ वापरतात. गळाने मासे धरण्याच्या या छंदावर सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एका राजाने सविस्तर लिहून ठेवले. तो राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य सम्राट सोमेश्वर तिसरा.

सोमेश्वर कोण होता?

कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. सोमेश्वराचे वडील विक्रमादित्य सहावे यांनी जवळपास पन्नास वर्षे राज्य केले. त्यांची सत्ता विदर्भापर्यंत पोहोचली होती. नागपूरचा सीताबर्डी शिलालेख शके 1008 (इ.स. 1087) मधला असून तो त्यांच्याच राजवटीचा आहे. त्यांच्यानंतर 1126-27 च्या सुमारास सोमेश्वर गादीवर आला. भूलोकमल्ल हे त्याचे बिरुद. विद्वत्तेमुळे त्याला ‘सर्वज्ञ’ असेही म्हणत.

राजा म्हणून तो यशस्वी ठरला का?

फारसा नाही. साम्राज्य आयते मिळाले, पण ते सांभाळणे अवघड होते. दक्षिणेत होयसळ राजा विष्णुवर्धन डोके वर काढत होता. पूर्वेला वेंगीचा प्रदेश चोळांकडे गेला. सोमेश्वराचा ओढा रणांगणापेक्षा ग्रंथांकडे होता. वडिलांचे चरित्र सांगणारा ‘विक्रमांकाभ्युदय’ त्याने लिहायला घेतला, तो अपुराच राहिला. पूर्ण झाला तो ‘मानसोल्लास’.

मानसोल्लासात काय आहे?

1129 च्या सुमारास रचलेला हा संस्कृत ग्रंथ म्हणजे त्या काळचा ज्ञानकोशच. त्याचे पाच भाग, प्रत्येक भागात वीस प्रकरणे. राज्यकारभार, हत्ती-घोडे, औषधे, चित्रकला, संगीत, स्वयंपाक असे विषय त्यात आहेत. आजच्या इडलीशी नाते सांगणारी ‘इडरिका’ यात भेटते. महाराष्ट्रातील बायका कांडण करताना ओव्या गातात, ही नोंदही यातलीच. त्यामुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या ग्रंथाचा उल्लेख हमखास येतो.

‘मत्स्यविनोद’ म्हणजे काय?

ग्रंथाच्या चौथ्या भागात राजाच्या करमणुकीचे प्रकार आहेत. त्यातला एक मत्स्यविनोद, म्हणजे गळाने मासे धरण्याचा छंद. सोमेश्वर आधी माशांची वर्गवारी करतो : समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम आणि लहान. तीसहून अधिक जातींची नावे तो देतो. कोणता मासा कुठे राहतो, कोणाला पिठाचे गोळे आवडतात आणि कोणाला मांस, हेही सांगतो. गळ, दोरी आणि काठी यांचे वर्णन त्यानंतर येते. आधी मासा ओळखायचा, मग आमिष ठरवायचे, असा हा क्रम आहे.

जगातले हे पहिलेच लिखाण आहे का?

नाही. रोमन लेखक एलियनने इ.स. 200 च्या सुमारास मॅसिडोनियातील कोळी लोकर आणि पिसे गुंडाळलेल्या गळाने मासे धरतात असे लिहिले आहे. मात्र इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरची पहिली पुस्तिका छापली गेली 1496 मध्ये. सोमेश्वराचे प्रकरण त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीचे आहे.

मग स्ट्राइक इंडिकेटर काय करतो?

फ्लाय फिशिंगमध्ये खरे आमिष नसते. पिसे आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी किंवा अळी गळावर असते. ती पाण्यात बुडवली की दिसेनाशी होते. म्हणून दोरीवर ठळक रंगाचा फोमचा तुकडा, लोकरीचा गोंडा किंवा पोकळ गोळी लावतात. वाहत्या पाण्यात गोळी आणि गळ यांच्यातले अंतर साधारण खोलीच्या दीडपट ठेवतात. गोळी पाण्याच्या वेगाने वाहत असेल तर ठीक. ती थबकली, बुडाली किंवा बाजूला सरकली की लगेच काठी उचलायची. मासा पिठाचा गोळा चघळत राहतो, खोटी माशी मात्र क्षणात थुंकून टाकतो. त्यामुळे इथे उशीर चालत नाही.

कल्पना नवी नाही. वामन शिवराम आपटे यांच्या 1890 च्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘तरण्ड’ शब्दाचा एक अर्थ गळाच्या दोरीवरचा तरंगता तुकडा असाच दिला आहे.

सोमेश्वराचे पुढे काय झाले?

1138 मध्ये त्याची राजवट संपली. पुढच्या दोन-तीन दशकांत कलचुरी बिज्जळाने कल्याणी बळकावली आणि 1190 च्या आसपास चालुक्यांचे राज्य लयाला गेले. ग्रंथ मात्र टिकला. जी. के. श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेला त्याचा पहिला खंड 1925 मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये मत्स्यविनोदाचा अभ्यास करून त्यातले मासे आजच्या जातींशी जुळवण्याचा प्रयत्न केला.

आज याचे महत्त्व काय?

राजाने एवढी माहिती एकट्याने गोळा केली असेल असे वाटत नाही. माशांची नावे आणि सवयी पाण्यावर जगणाऱ्यांनाच ठाऊक असतात. ते ज्ञान कागदावर आले म्हणून नऊशे वर्षांनी तपासता येते. विदर्भातील ढिवर आणि भोई समाजाकडचे असेच ज्ञान बहुतांशी तोंडीच आहे. बाहेरून आणून सोडलेल्या माशांनी तलाव भरत गेले, तशी जुन्या माशांची नावेही विसरली जात आहेत.

गळ टाकण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात मासेमारीला बंदी आहे. बाहेरच्या अनेक तलावांचे ठेके मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. छंद म्हणून गळ टाकायचा असला तरी आधी त्यांची परवानगी घ्यावी.