वाद्यकार आदोल्फ सॅक्स

लग्नाची वरात रस्त्यानें जात असतां बँडवाल्यांच्या मेळ्यांत पोटाशीं धरलेलें, तोंड आकाशाकडे वळविलेलें एक मोठें पितळी वाद्य आपण सर्वांनीं पाहिलें असेल. मुक्तिफौजेच्या बँडांतही तें असतें. त्याच्या शेजारींच पुष्कळदां दुसरें एक वाद्य दिसतें. त्याची नळी खालीं जाऊन वळून पुन्हां वर आलेली असते आणि तिच्या अंगभर चाव्या असतात. त्यास सॅक्सोफोन म्हणतात. पहिल्या वाद्याच्या कुळाला व्यवस्थित रूप देणारा आणि दुसरें वाद्य मुळींच नव्यानें निर्माण करणारा कारागीर एकच होता, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें. त्याचें नांव आदोल्फ सॅक्स. त्याचें चरित्र सांगावयाचें म्हणजे जुनें वाद्य चांगलें कीं नवें या वादाचीच हकीकत सांगावी लागते. कारण त्याचें सारें आयुष्य त्या वादांत खर्चीं पडलें.

बेल्जममध्यें म्यूज नदीच्या कांठीं दिनां नांवाचें एक लहानसें शहर आहे. मध्ययुगापासून तें तांब्यापितळेच्या भांड्यांकरितां प्रसिद्ध होतें. आपल्याकडील तांबट आळीची आठवण व्हावी असें तें ठिकाण. तेथें ६ नोव्हेंबर १८१४ रोजीं या मुलाचा जन्म झाला. त्याचें खरें नांव आंत्वान-जोझेफ. परंतु घरीं व पुढें जगांत तो आदोल्फ याच नांवानें ओळखला गेला. बाप शार्ल-जोझेफ हा मूळचा सुतारकाम करणारा, पण स्वतःच्या खटपटीनें वाद्यें करावयास शिकलेला होता. मूल वर्षाचें होतें न होतें तोंच कुटुंब ब्रसेल्सला राहावयास गेलें. अकरा भावंडांत आदोल्फ सर्वांत वडील.

या मुलाचें बाळपण ऐकून आश्चर्य वाटतें. तो जिन्यावरून खालीं पडला आणि त्याचें डोकें दगडावर आपटलें. त्यानें टांचणी गिळली. दूध समजून तो तेजाबाचें पाणी प्याला. दारूच्या स्फोटानें भाजला. नदींत बुडतां बुडतां वांचला. शेजारीपाजारी त्यास भूत म्हणूं लागले होते, असें सांगतात. असल्या गोष्टी थोरांच्या चरित्रांत मागाहून वाढत जातात हें खरें. तथापि यांतील निम्म्या जरी घडल्या असल्या तरी हा मुलगा हाडाचा चिवट होता एवढें निश्चित. पुढील आयुष्यांत त्यास याच चिवटपणाची गरज लागली.

बापाच्या कारखान्यांत त्यानें लांकूड कोरणें, पितळ वळविणें, चाव्या बसविणें हीं सर्व कामें हातानें केलीं आणि त्याच वेळीं ब्रसेल्सच्या संगीतशाळेंत बासरी व क्लॅरिनेट यांचें शिक्षण घेतलें. उत्तम वादक आणि उत्तम कारागीर हे दोन्ही गुण एकाच माणसांत क्वचितच आढळतात. वादकास वाद्याचें दुखणें कळतें, पण औषध ठाऊक नसतें. कारागिरास औषध देतां येतें, पण दुखतें कोठें हें समजत नाहीं. सॅक्सला दोन्ही साधलें होतें. सन १८३८ मध्यें त्यानें मंद्र आवाजाच्या बास क्लॅरिनेटची सुधारणा करून तिचा हक्क नोंदविला. त्यापूर्वींचीं तसलीं वाद्यें बेसूर व बोजड असत. त्याचें वाद्य मात्र खालपासून वरपर्यंत एकसारखें बोले, आणि आजची बास क्लॅरिनेट त्याच वाटेनें आलेली आहे. सन १८४१ च्या ब्रसेल्सच्या प्रदर्शनांत परीक्षकांना त्याचें काम सर्वांत सरस वाटलें; परंतु सुवर्णपदक मिळण्यास त्याचें वय लहान आहे, या सबबीवर त्यास त्याखालचें पदक देण्यांत आलें. सॅक्सनें तें नाकारलें. दुसऱ्या वर्षीं तो पॅरिसला निघून गेला. खिशांत फारसे पैसे नव्हते, परंतु वाद्यें बरोबर होतीं.

पॅरिसमध्यें बेर्लिओझ या मोठ्या संगीतकारानें जून १८४२ मध्यें वर्तमानपत्रांत त्याच्यावर एक लेख लिहिला व एका दिवसांत शहराला त्याचें नांव कळलें. मित्र मिळाले तसे शत्रूही मिळाले. पॅरिसांतील वाद्यकारांचे कारखाने पिढ्यानपिढ्यांचे; कोणी बासऱ्या करी, कोणी हॉर्न, कोणी क्लॅरिनेट. हा परका तरुण येतो आणि एकाच छपराखालीं सर्व प्रकारचीं वाद्यें करूं लागतो, हें त्यांना कसें रुचावें? दोनिझेत्तीनें सन १८४३ च्या आपल्या एका संगीतिकेंत सॅक्सच्या बास क्लॅरिनेटला जागा देण्याचें ठरविलें, तेव्हां वादकांनीं तें वाजविण्यास साफ नकार दिला व संगीतकाराला माघार घ्यावी लागली.

आतां त्या काळचीं वाद्यें कशीं होतीं हें समजून घेतल्यावांचून पुढील भांडण कळणार नाहीं. साधी पितळी नळी फुंकली असतां तींतून सर्व स्वर निघत नाहींत. खालचा सा, त्याच्या वरचा सा, मग प, पुन्हां सा, ग, प असे मोजके नैसर्गिक स्वर तेवढे मिळतात. शिंग फुंकणारास हें ठाऊक असतें. मधले स्वर काढण्यासाठीं हॉर्न वाजविणारा आपला हात वाद्याच्या रुंद तोंडांत घालून तें कमीअधिक झांकीत असे. त्यामुळें एक स्वर मोकळा तर पुढचा दबलेला असा प्रकार होई. दुसरी युक्ति म्हणजे पितळेच्या नळीला बासरीसारखीं भोंकें पाडून त्यांवर चाव्या बसविणें. ऑफिक्लाइड नांवाचें मोठें वाद्य असें होतें. त्यांतही एका भोंकाचा आवाज दुसऱ्याशीं जुळत नसे. ओबो व बसून यांचा आवाज दिवाणखान्यांत गोड लागे, पण घोड्यांच्या टापा आणि नगारे यांच्यामध्यें तो हरवून जाई.

याला तोड जर्मनींत निघाली होती. सन १८१८ मध्यें बर्लिन येथें श्टोल्त्सेल व ब्ल्यूमेल या दोघांनीं व्हॉल्व्हचा हक्क घेतला. खटका दाबला कीं वाऱ्यास जादा नळीचा वळसा घालावा लागतो, वाट लांबते आणि स्वर खालीं उतरतो. अशा तीन खटक्यांनीं सर्व स्वर साधतात. म्हणजे व्हॉल्व्ह हा सॅक्सचा शोध नव्हे, आणि त्याचे शत्रू न्यायालयांत हेंच ओरडून सांगत. सॅक्सनें केलें तें निराळें. त्यानें लहानापासून अजस्रापर्यंत एकाच घडणीच्या वाद्यांचें एक संपूर्ण कूळ तयार केलें. त्यांतील नळीचीं वळणें कोंपरे न ठेवतां गोल केलीं, आणि बोटांची रीत सर्वांत सारखी ठेवली. एक वाद्य शिकलेला शिपाई थोड्या सरावानें दुसरें वाजवूं शके. या कुळास सॅक्सहॉर्न हें नांव पडलें. वाद्य कोणत्या धातूचें आहे यापेक्षां आंतील वायुस्तंभाचें प्रमाण कसें आहे यावर आवाज ठरतो, हें त्याच्या कामाचें मूळ सूत्र होतें.

फ्रान्सच्या लष्करी बँडांची दशा त्या वेळीं फार वाईट होती. सॅक्सनें सरकारपुढें आपली योजना मांडली. जुन्या पद्धतीचा पक्ष लष्करी संगीतशाळेचा प्रमुख काराफा यानें घेतला. युद्धखात्यानें समिति नेमली, आणि समितीनें फार शहाणपणाचें ठरविलें. कागदावर वाद घालण्याऐवजीं दोन्ही पथकें उघड्या मैदानावर उभीं करावीं आणि ऐकावें. तारीख २२ एप्रिल १८४५. स्थळ पॅरिसांतील शां-द-मार्सचें विस्तीर्ण मैदान, जेथें पुढें आयफेल मनोरा उभा राहिला. सुमारें २०,००० लोक जमले होते. काराफाचे ४५ वादक हजर होते. सॅक्सचे कित्येक वादक ऐन वेळीं आलेच नाहींत; त्याच्याकडे ३८ च उरले, आणि तो स्वतः वाद्यें घेऊन त्यांच्यांत उभा राहिला. दोन्ही पथकांनीं प्रथम एकच रचना वाजविली, मग आपापल्या निवडीच्या. माणसें कमी असूनही सॅक्सच्या पथकाचा आवाज भरदार, एकजीव आणि मैदानाच्या टोंकापर्यंत स्वच्छ पोहोंचला. निकाल देण्यास समितीपेक्षां आधीं लोकच पुढें सरसावले. सप्टेंबरमध्यें सरकारी हुकूम निघाला आणि सॅक्सचीं वाद्यें सैन्यांत आलीं.

येथें जुन्या पक्षावर अन्याय होऊं नये म्हणून दोन शब्द लिहितों. ही परीक्षा उघड्या मैदानावरची होती. तेथें जोर लागतो, आणि जोर नव्या वाद्यांपाशीं होता. बंद दालनांत निकाल इतका एकतर्फी लागला असता असें मला वाटत नाहीं. हातानें झांकून काढलेल्या हॉर्नच्या स्वरांत एक हळवा रंग असतो, आणि मोझार्टसारख्यांनीं तो रंग जाणूनच लिहिलें. म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांतील कित्येक वादकांनीं व्हॉल्व्ह नसलेले हॉर्न व ऑफिक्लाइड पुन्हां हातीं घेतले. शिवाय काराफाच्या मागें उभे असलेले वाद्यकार केवळ मत्सरी होते असेंही नव्हे. त्या हुकुमानें त्यांच्या कारागिरांच्या घरची चूल विझण्याची वेळ आली होती. सॅक्सही स्वभावानें तापट व भांडखोर होता.

सॅक्सोफोनचा हक्क त्यानें सन १८४६ मध्यें नोंदविला. या वाद्याची गंमत अशी कीं, तें पितळेचें असूनही लांकडी वाद्यांच्या वर्गांत मोडतें. कारण त्यांतील आवाज ओंठांच्या कंपनानें नव्हे, तर क्लॅरिनेटप्रमाणें बोरूच्या पातळ पत्तीनें उठतो. परंतु क्लॅरिनेटची नळी सरळ, सारख्या व्यासाची असते. तिच्यांत सा वर असतां वरची चावी उघडून फुंकलें तर वरचा सा येत नाहीं, त्याच्याही पुढचा प येतो; त्यामुळें दोन्ही सप्तकांतील बोटें निराळीं. सॅक्सनें नळी शंकूसारखी, पुढें रुंद होत जाणारी केली, तेव्हां सा चा वरचा सा मिळूं लागला आणि बोटांची रीत सोपी झाली. पितळेचा जोर आणि लांकडी वाद्याचा मऊपणा यांच्यामधली दरी या एका नळीनें बुजविली. कास्तनेर नांवाच्या संगीतकारानें यहूदाच्या शेवटच्या राजावरील आपल्या संगीतिकेंत डिसेंबर १८४४ मध्येंच तिला वाद्यवृंदांत स्थान दिलें होतें.

यानंतरचीं वर्षें न्यायालयांत गेलीं. प्रतिस्पर्ध्यांनीं संघ करून त्याचे हक्क खोटे ठरविण्याचा खटला भरला. सन १८४८ च्या क्रांतींत राजा लुई फिलिप गेला आणि त्याबरोबर लष्करी हुकूमही रद्द झाला. सन १८५२ मध्यें सॅक्सचें दिवाळें निघालें. सन १८५४ मध्यें मात्र एकाच वर्षीं रूआं येथील न्यायालयाचा निकाल त्याच्या बाजूनें लागला आणि तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटींत त्याचीं वाद्यें सैन्यांत परत आलीं. मध्यंतरीं त्याच्या ओंठावर गांठ उठली. ज्याचा धंदाच फुंकण्याचा त्याच्या ओंठावरच हें दुखणें यावें! कित्येक वर्षें तें वाढत गेलें; सन १८५९ मध्यें तो त्यांतून बरा झाला. सन १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळालें. त्यानंतर सन १८७३ व १८७७ मध्यें आणखी दोनदां दिवाळें. दुसऱ्या वेळीं त्यानें जन्मभर जमविलेला वाद्यांचा संग्रह लिलावांत निघाला. तींत साडेचारशेंहून अधिक वाद्यें होतीं, आणि त्यांत तीं जुनीं वाद्येंही होतीं, ज्यांच्याविरुद्ध तो आयुष्यभर झगडला होता. तीं त्यानें इतक्या जपणुकीनें कां ठेवलीं असतील? मला वाटतें, नवें घडविणारा जुन्याचा अभ्यास शत्रूपेक्षांही अधिक बारकाईनें करतो.

फेब्रुवारी १८९४ मध्यें पॅरिस येथें गरिबींतच त्याचें देहावसान झालें. मोंमार्त्रच्या स्मशानभूमींत त्यास पुरलें.

कालांतरानें सॅक्सचीं वाद्येंच जुनीं झालीं. त्याच्या हातच्या सॅक्सोफोनचें माउथपीस आंतून रुंद व गोल होतें. त्यामुळें आवाज मृदु, किंचित् घुमणारा येई. पुढें नाचगाण्याच्या बँडांना धारदार व मोठा आवाज हवा झाला, म्हणून तें आंतून अरुंद होत गेलें. जुन्या वाद्यांत वरच्या सप्तकासाठीं अंगठ्यानें दोन निरनिराळ्या चाव्या दाबाव्या लागत; आतां एकीनेंच काम होतें. नवें वाद्य द्रुत लयींत हलकें चालतें व सुरांत राहणें सोपें जातें, हें निःसंशय. तरीही सॅक्सच्या कारखान्याचा शिक्का असलेलें वाद्य जे वादक एकदां फुंकून पाहतात, त्यांस तो मूळचा मऊ आवाज नव्या वाद्यांत सांपडत नाहीं. शां-द-मार्सवर हाच वाद उलट बाजूनें झाला होता.

आपल्याकडे गोव्यांतील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेल्या वादकांनीं हें वाद्य मुंबईच्या बँडांत व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नेलें, आणि दक्षिणेंत कद्री गोपालनाथ यांनीं त्यावर कर्नाटक संगीत वाजवून दाखविलें. पॅरिसच्या राष्ट्रीय संगीतशाळेंत सॅक्स सन १८५७ पासून लष्करी विद्यार्थ्यांना सॅक्सोफोन शिकवीत असे. सन १८७० मध्यें युद्धामुळें तो वर्ग बंद पडला. तो पुन्हां उघडला सन १८४२ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९४२ मध्यें; तोपर्यंत सॅक्सच्या शिष्यांपैकीं कोणी हयात राहिला नव्हता, पण वर्गांतील बांकांवर मुलें त्याचेंच वाद्य घेऊन बसलीं होतीं.