अप्पासाहेब पटवर्धन

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४ – १९७१) हे गांधीवादी कार्यकर्ते, स्वातंत्र्यसैनिक, लेखक आणि ग्रामसफाईच्या तंत्राचे अभ्यासक होते. ते 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखले जातात. सध्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली येथील गोपुरी आश्रमाचे ते संस्थापक होत. माणसाने माणसाची विष्ठा वाहण्याची प्रथा बंद व्हावी, तसेच त्या विष्ठेपासून खत आणि जळणाचा वायू मिळावा, यासाठी त्यांनी आयुष्याचा मोठा भाग वेचला.

== प्रारंभिक जीवन ==

अप्पासाहेबांचा जन्म तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील ब्राह्मण कुटुंबात झाला. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. त्यामुळे त्यांच्या हयातीत कणकवली, मालवण, वेंगुर्ले हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असत. उच्च शिक्षणानंतर त्यांनी पुण्यात काही काळ अध्यापन केले. महात्मा गांधींच्या विचारांचा प्रभाव पडल्यावर ते साबरमती आश्रमात गेले आणि पुढे कोकण हीच आपली कर्मभूमी मानून त्यांनी तेथे रचनात्मक कार्य सुरू केले.

== शिरोड्याचा सत्याग्रह ==

मे १९३० मध्ये वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे येथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. दांडीनंतर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर झालेल्या सत्याग्रहांत त्याला महत्त्वाचे स्थान आहे. अप्पासाहेब या सत्याग्रहाच्या नेत्यांपैकी एक होते.

== तुरुंगातील उपवास ==

१९३२ साली अप्पासाहेब रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातील मैला साफ करण्याचे काम विशिष्ट जातीच्या कैद्यांकडूनच करून घेतले जाई. ते काम आपल्यालाही करू द्यावे, अशी मागणी त्यांनी केली. ती अमान्य झाल्यावर त्यांनी आहार कमी करण्यास सुरुवात केली. ही वार्ता येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना कळताच त्यांनी ३ डिसेंबर १९३२ रोजी सहानुभूतीचा उपवास आरंभला आणि सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर तो सोडला. पुढे इतर जातींच्या कैद्यांना स्वेच्छेने हे काम करण्याची मुभा देण्यात आली.

या मागणीत शिक्षेतून सवलत मागितलेली नव्हती. सर्वांत हलके मानले गेलेले काम वाट्याला यावे, एवढेच तिचे स्वरूप होते. जन्मावरून काम ठरवणाऱ्या नियमालाच तिने आव्हान दिले.

== गोपुरी आश्रम ==

१९४८ साली अप्पासाहेबांनी कणकवली येथे गोपुरी आश्रमाची स्थापना केली. मृत जनावरांचे कातडे सोडवणे व कमावणे, खतनिर्मिती, शेती, गोपालन आणि सफाई ही तेथील कामे होती. जी कामे समाज अस्पृश्य मानत असे, ती अप्पासाहेब स्वतःच्या हातांनी करत. त्यामुळे सनातनी मंडळींचा रोषही त्यांना पत्करावा लागला.

== सफाईचे तंत्र ==

केवळ उच्चवर्णीयांनी टोपली उचलल्याने प्रश्न सुटणार नाही, टोपलीच नाहीशी झाली पाहिजे, या निष्कर्षाप्रत ते आले. त्यासाठी त्यांनी दोन दिशांनी प्रयत्न केले.

पहिली दिशा खताची. कमी खर्चाच्या 'सोपा संडास' या रचनेचा त्यांनी प्रसार केला. खड्डे आळीपाळीने वापरले की बंद ठेवलेल्या खड्ड्यातील मैल्याचे कुजून निर्गंध खत बनते. मानवी विष्ठेत नत्राचे प्रमाण कार्बनच्या मानाने अधिक असते. म्हणून पालापाचोळा किंवा गवत मिसळल्यास खत चांगले तयार होते. या खतास 'सोनखत' असे नाव आहे.

दुसरी दिशा वायूची. विष्ठेपासून जळणाचा वायू मिळवण्याचा प्रयोग मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ सालीच झाला होता. अप्पासाहेबांनी खेड्यांत वापरता येईल असे मैल्यावरील वायुसंयंत्र तयार केले. ते 'मलप्रभा' या नावाने ओळखले जाते. यात संडासाची मोरी थेट बंद टाकीला जोडलेली असते. त्यामुळे मैल्याला कोणाचा हात लागत नाही. हवाबंद टाकीत जिवाणूंच्या क्रियेने मिथेन व कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण तयार होते आणि ते नळीने चुलीपर्यंत नेले जाते.

अशा वायूचा दाब अल्प असतो. नळी लांब असेल तर ती रुंद घ्यावी लागते, नाहीतर ज्योत मंदावते. वायूतील बाष्पाचे पाणी होऊन नळीच्या सखल भागात साचते व प्रवाह अडतो. म्हणून नळीला उतार देऊन सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याची सोय ठेवतात. वायूत गंधकयुक्त वायूचाही अंश असल्याने चुलीच्या जागी हवा खेळती असावी लागते.

एका माणसाच्या विष्ठेपासून दिवसाला साधारण एक घनफूट वायू मिळतो, तर एका माणसाच्या स्वयंपाकाला सुमारे आठ घनफूट लागतो. त्यामुळे एकट्या कुटुंबाचे इंधन यातून भागत नाही. शेणाची जोड द्यावी लागते. वसतिगृहे, आश्रम व सार्वजनिक संडास यांसारख्या ठिकाणी, जेथे माणसे पुष्कळ असतात, तेथे हे संयंत्र अधिक उपयोगी पडते. मैल्याच्या वायूवर अन्न शिजवण्याबद्दलची किळस हा त्याच्या प्रसारातील मोठा अडसर होता.

== लेखन ==

गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद अप्पासाहेबांनी केला असून तो आजही वाचला जातो. 'माझी जीवनयात्रा' हे त्यांचे आत्मचरित्र आहे. व्याजाच्या प्रथेला विरोध करणारे अर्थविषयक विचारही त्यांनी मांडले. विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीतही त्यांचा सहभाग होता.

== निधन व वारसा ==

१९७१ साली अप्पासाहेबांचे निधन झाले. देहू येथील वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन देहू गावात घरोघरी संडास उभारण्याची मोहीम राबवली आणि मलप्रभा संयंत्रात सुधारणा केल्या. देहू येथील अप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन ही संस्था अप्पासाहेबांच्या नावाने चालते. डॉ. मापुसकर यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध भारतात १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायदे झाले. अप्पासाहेबांनी रत्नागिरीच्या तुरुंगात उपस्थित केलेला प्रश्न त्याआधी साठ वर्षांहून जुना होता. तरीही गटारे व मैलाटाक्या साफ करताना विषारी वायूने कामगार दगावण्याच्या घटना अद्याप थांबलेल्या नाहीत.