रोगाच्या पाऊलखुणा वाचणारा संशोधक : कै. डॉ. वसंत रामजी खानोलकर

कर्करोग हा शब्द घरात उच्चारण्याची वेळ आली की आजही बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. कोणी त्यास पूर्वकर्माचे फळ मानतो, तर कोणी घराण्याचा दोष समजतो. मुलामुलींच्या सोयरिकीत बाधा येईल ह्या भीतीने कित्येक कुटुंबे दुखणे दाराबाहेर जाऊ देत नाहीत आणि ह्या लपवाछपवीतच रोगास हवा तेवढा अवधी मिळतो. आमच्या ज्ञातीची घरेही ह्यास अपवाद नाहीत. म्हणून ह्या वर्षीच्या स्मरणिकेत, हा रोग म्हणजे अटळ नियती नव्हे असे ज्यांनी पुराव्यानिशी दाखविले, त्या कै. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे चरित्र समाजबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

डॉ. खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ साली विकृतिशास्त्रात एम. डी. ही पदवी संपादन केली. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीराच्या घटकांत कोणता पालट होतो हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरविणारे शास्त्र. लंडनची पदवी घेऊन आलेल्या तरुण वैद्यास मुंबईत खाजगी व्यवसायाची दारे खुली होती. त्यांनी मात्र अध्यापनाचा व प्रयोगशाळेचा मार्ग पत्करिला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. हिंदुस्थानात हे शास्त्र रुजविण्याचे श्रेय मुख्यतः त्यांस दिले जाते.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि तेथील प्रयोगशाळांचे संचालकपद डॉ. खानोलकर यांनी स्वीकारिले. रुग्णाचा तुकडा तपासावा, अहवाल लिहावा आणि पुढल्या रुग्णाकडे वळावे, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. हा मनुष्य कोठला, तो काय खातो, काय नेसतो, तंबाखू तोंडात कोणत्या बाजूस धरतो, हे प्रश्न त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी आणून बसविले. मुंबईतील मुखकर्करोगाच्या ओळीने आलेल्या १,००० रुग्णांची पाहणी त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केली. पुढल्याच वर्षी सहकारी डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी लोकांच्या रीतींशी निगडित अशा कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांचे वर्णन जगापुढे ठेविले. बिहारकडे तंबाखू व चुना खालच्या ओठाआड धरून ठेवतात, तेथे ओठाचा रोग आढळला. आंध्र किनाऱ्यावर चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात घेऊन ओढतात, तेथे टाळूचा आढळला. आणि धोतर कमरेस वर्षानुवर्षे घट्ट कसणाऱ्यांत, जेथे कातडीस काचते तेथेच तो आढळला. रोग आकाशातून पडत नाही. जेथे दीर्घकाळ उपद्रव होतो तेथे तो घर करितो, हा ह्या पाहणीचा अर्थ होता. १९५५ साली डॉ. संघवी व डॉ. राव यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चघळण्याचा संबंध तोंडाच्या, तर धूम्रपानाचा संबंध मुख्यतः घशाच्या कर्करोगाशी असल्याचे दिसून आले.

ज्ञातिसंस्थेच्या सभासदांनी डॉक्टरांच्या कार्याचे आणखी एक अंग विशेष ध्यानात घ्यावे असे आम्हांस वाटते. मुंबईत अनेक जाती व धर्म शेजारी नांदतात आणि पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यातच विवाह करितात. डॉ. खानोलकर व त्यांचे सहकारी यांनी ह्या परिस्थितीचा शास्त्रासाठी उपयोग करून घेतला. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक, हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा अधिक, असे भेद त्यांनी नोंदविले. रक्तातील अनुवंशिक भेदही त्यांच्या मंडळींनी तपासले. परंतु ह्या भेदांचा उलगडा करिताना त्यांची दृष्टी वारंवार चालीरीतींकडेच वळली : विवाहाचे वय, बाळंतपणे, खाणेपिणे, व्यसन. जातीचा शिक्का रोगास नाही. रोग सवयीमागून येतो, आणि सवय मनुष्यास बदलता येते. जातींची मोजदाद करून जातीपलीकडचे सत्य हाती देणारे हे संशोधन होय.

रोगाचा आरंभ कोठे होतो हे शोधण्याची त्यांची वृत्ती महारोगाच्या अभ्यासातही दिसते. बोटे झडल्यावर महारोग कोणीही ओळखील. डॉक्टरांनी अगदी पहिल्या, फिकट चट्ट्यांचा सूक्ष्म अभ्यास केला आणि १९५१ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. कातडीवर फारसे काही दिसण्यापूर्वीच जंतू मज्जातंतूंत शिरलेले असतात, ह्याकडे त्यांनी वैद्यांचे लक्ष वेधिले.

संस्था उभारणे व माणसे घडविणे ह्यांतही त्यांचा हात मोठा होता. परळ येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या व हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेत अनुभव घेऊन परतल्यावर त्यांनी ह्याच केंद्रात पेशी काचपात्रात वाढविण्याची प्रयोगशाळा उभी केली. स्त्रियांनी प्रयोगशाळेत पाऊल ठेवणे दुर्मिळ होते, त्या काळातील ही गोष्ट आहे. डॉ. खानोलकर १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान व पद्मभूषण हा किताबही त्यांस लाभला. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या पश्चात ह्या कार्याने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत व झोपडवस्त्यांत जे रूप घेतले, ते सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. १९९९ साली, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व टाटा स्मारक यांच्या सहभागाने, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १,३१,००० स्त्रियांची मोठी चाचणी सुरू झाली. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, त्या ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसची खूण शोधणारी तपासणी केवळ एकदा केली, तरी पुढील आठ वर्षांत ह्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली जाहीर झाले. मुंबईच्या वस्त्यांत तर ह्याहून साधा उपाय योजिला गेला. शिरक्यातील आम्लाचे सौम्य द्रावण गर्भाशयमुखास लाविले की बिघडलेला भाग पांढरा दिसतो. वस्तीतल्याच, प्रशिक्षण दिलेल्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली आणि बारा वर्षांअखेर ह्या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हे प्रयोग डॉ. खानोलकरांनी केले नाहीत. परंतु रोग बोलू लागण्यापूर्वी त्याची खूण वाचावी, ही दृष्टी त्यांनी त्याच परळच्या प्रयोगशाळांत रुजविली होती.

आता आपल्या पिंपळे गुरवकडे वळू. पवनेकाठचे हे शेतकऱ्यांचे गाव. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, मागोमाग इतर कारखाने आले आणि ठिकठिकाणचे श्रमिक येथे वस्तीस आले. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखूची चिमूट, सकाळी दात घासावयास मिश्री, ह्या सवयीही त्यांच्याबरोबर आल्या. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. मिश्रीची डबी मात्र पुष्कळ घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या कनवटीस राहिली. मुखकर्करोगाची एक सोय अशी की तो आरशात दिसतो. गालफडात पुसला न जाणारा पांढरा वा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारा व्रण, तोंड पुरते न उघडणे, ह्यांपैकी काहीही दिसल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांस दाखवावे. तिशीपुढील स्त्रीपुरुषांची मुखाची, तसेच स्त्रियांची स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी व्हावी, असे केंद्र शासनाचे धोरण २०१६ पासून आहे.

ज्ञातिमंडळे विद्यार्थ्यांचे सत्कार करितात, वधूवर मेळावे भरवितात, हे योग्यच आहे. त्याच मेळाव्यात एका खोलीत तोंड तपासणारा दंतवैद्य आणि दुसऱ्या खोलीत स्त्री डॉक्टर बसविणे अवघड नाही. सासूने सुनेस आणि सुनेने सासूस हात धरून तेथे न्यावे. वेळीच तपासणी करून घेतलेल्या घराशी सोयरीक करण्यात कमीपणा नसून शहाणपणच आहे, हा समज एकदा ज्ञातीत रुजला म्हणजे दुखणे लपविण्याचे कारणच उरणार नाही. डॉ. खानोलकरांनी आयुष्यभर परक्यांच्या दुखण्यांच्या खुणा निरखिल्या. आपण निदान आपल्या घरच्यांच्या तरी निरखाव्यात, एवढीच आमची समाजबांधवांस व भगिनींस नम्र विनंती आहे.