बाबूराव अर्नाळकर : रहस्यकथेचा वाचक घडविणारा लेखक



प्रस्तुत घटकात आपण अशा एका लेखकाचे चरित्र अभ्यासणार आहोत, ज्याला वाचकांनी भरभरून स्वीकारले. परंतु वाङ्मयेतिहासाने फार थोडी जागा दिली. असे का घडले, हा प्रश्न मनाशी ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९०६ सालचा. चरितार्थासाठी त्यांनी मुंबईत चष्म्याचे दुकान चालविले. लेखनासाठी स्वीकारलेले ‘अर्नाळकर’ हे आडनाव अर्नाळा या ग्रामनामास ‘कर’ प्रत्यय लागून सिद्ध झाले आहे.

गिनीज बुकातील नोंदीनुसार १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. हिशेब केल्यास महिन्याला जवळजवळ दोन पुस्तके होतात. दुकान सांभाळून अठ्ठेचाळीस वर्षे हा क्रम टिकविणे, ही केवळ प्रतिभेची नव्हे, तर शिस्तीचीही गोष्ट होय.

त्यांच्या नायकांचे दोन वर्ग आपणांस करता येतील. धनंजय हा गुप्तहेर आपला साहाय्यक छोटू याच्यासह खुनाचा तपास करतो : प्रेत, संशयित, पुरावा आणि अखेरीस गुन्हेगाराचा उलगडा. झुंजार आणि काळापहाड हे मात्र कायद्याची चौकट ओलांडून दुष्टांना शासन करतात. पहिल्या वर्गात न्याय बुद्धीने मिळतो, दुसऱ्यात धाडसाने.

या लेखनावरील मुख्य आक्षेप आपण टाळता कामा नये. अनेक कथानकांना इंग्रजी रहस्यकथांचा आधार होता. व्यक्तिचित्रणही ठरावीक साच्याचे होते. तथापि परकी कथा मराठी वाचकाला आपली वाटावी, यासाठी माणसांची नावे, नाती, बोली आणि शहर बदलावे लागते. हे भाषिक कार्य त्यांनी छोट्या वाक्यांनी आणि वेगवान संवादांनी साधले.

येथे इटलीचे उदाहरण उद्बोधक ठरेल. तेथे मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ साली पिवळ्या मुखपृष्ठांची गुन्हेकथामाला सुरू केली. पुढे इटालियन भाषेत ‘पिवळा’ हा शब्दच खुनाच्या तपासकथेचा वाचक बनला. मुखपृष्ठाचा रंग साहित्यप्रकाराचे नाव होतो, तेव्हा त्या शब्दाला घडविणारा समीक्षक नसून सामान्य वाचक असतो. मराठीतही ‘झुंजार’ या विशेषणाला कथानायकाचे विशेषनाम म्हणून घरोघरी पोचविले ते अशाच वाचकाने.

अर्नाळकर १९९६ साली निवर्तले. त्यांची थोरवी पुस्तकांच्या संख्येत शोधू नये. पुस्तक हाती धरण्याची सवय नसलेल्या माणसाला शेवटच्या पानापर्यंत नेणे, ही त्यांची खरी कामगिरी होय. आपणही कदाचित उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरहून नोकरीसाठी लोकलने ये-जा करीत ही पुस्तिका वाचत असाल. आपले पहिले वाचन पाठ्यपुस्तकाबाहेरचे असेल, तर त्याचा संकोच बाळगू नये. तेही साहित्याच्या अभ्यासाचे साधन आहे.

स्वाध्याय : आपल्या घरातील वा शेजारच्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीस तरुणपणी वाचलेल्या रहस्यकथांविषयी विचारा. त्यांच्या आठवणीत कथानक उरले आहे की नायक, हे नोंदवा आणि त्यामागील कारणांची दहा ओळींत चर्चा करा.