अक्षरापासून अर्थापर्यंत : अल्ताफ हुसेन हाली पानिपती

पहिल्या इयत्तेचे वर्ष संपत आले म्हणजे मुलाच्या पदरी नेमके काय पडलेले असते, हा प्रश्न विद्वानांच्या दृष्टीस सहसा पडत नाही. अक्षरे ओळखू येतात, ती जोडून लहानसे शब्द वाचता येतात, थोडे अंक मोजता येतात. परंतु वाचलेल्याचा अर्थ त्यास कळतो काय, आणि मनातले कागदावर उतरविता येते काय, या दोन गोष्टींवर पुढील साऱ्या विद्येची मदार असते. उर्दू काव्याचे व समीक्षेचे युगप्रवर्तक म्हणून ज्यांची ख्याती आहे, त्या ख्वाजा अल्ताफ हुसेन हाली यांचे चरित्र या प्रश्नाच्या अंगाने वाचण्याजोगे आहे.

पानिपत हे नाव मराठी मनात 1761 च्या रणसंग्रामाशी कायमचे जखडलेले आहे. त्या संग्रामानंतर 76 वर्षांनी, 1837 मध्ये, याच गावातील एका अन्सारी कुटुंबात हालींचा जन्म झाला. वयाच्या नवव्या वर्षी पितृछत्र हरपले; संगोपन वडील भाऊ व बहिणी यांनी केले. तत्कालीन रीतीप्रमाणे शिक्षणास प्रारंभ कुराणाच्या पाठांतराने झाला, आणि त्यानंतर फारसी व अरबी यांचा अभ्यास सुरू झाला.

येथे लिपीचा एक विशेष ध्यानी घेतला पाहिजे. कुराणाच्या प्रतींत ऱ्हस्व स्वरांची चिन्हे दिलेली असतात. म्हणून अरबी न जाणणारे मूलही ते बिनचूक म्हणू शकते. उर्दूच्या नित्य लेखनात ही चिन्हे बहुधा गाळली जातात, आणि अनेक अक्षरांचे रूप शब्दातील स्थानानुसार पालटते. तेथे शब्द आधी ठाऊक असावा लागतो, तेव्हाच तो वाचता येतो. एका वाचनात अर्थावाचून उच्चार साधतो, तर दुसऱ्यात अर्थावाचून उच्चारही अडतो. बाराखडीच्या आधाराने स्वर डोळ्यांपुढे ठेवणाऱ्या देवनागरीच्या वाचकास ही अडचण सहजी जाणवणार नाही.

सतराव्या वर्षी घरच्यांनी विवाह लावून दिला. शिक्षण खुंटेल या भयाने हाली कोणास न सांगता दिल्लीस निघून गेले. तेथे मदरशात अध्ययन चालले असता घरच्यांनी त्यांना परत आणले. 1856 मध्ये हिसार येथे त्यांनी सरकारी नोकरी धरली. 1857 च्या उठावाच्या धामधुमीत ते पानिपतला परतले. पुढे नवाब मुस्तफा खान शेफ्ता यांच्या घरी त्यांनी मुलांचे शिक्षक म्हणून काही वर्षे काढली. मिर्झा गालिब यांचा सहवास त्यांना दिल्लीत लाभला होताच.

चरित्रास खरे वळण लागले ते लाहोर येथे. पंजाब सरकारच्या ग्रंथविभागात इंग्रजीवरून झालेल्या उर्दू भाषांतरांची भाषा सुधारण्याचे काम त्यांच्याकडे आले. अलंकारांच्या ओझ्याखाली न दबता आशय सांगणारे गद्य कसे असावे, याचा विचार या कामातून पक्व झाला. याच काळात, 1874 मध्ये, त्यांनी ‘मजालिस-उन-निसा’ हे स्त्रीशिक्षणपर पुस्तक लिहिले. त्यातील जुबेदा खातून ही कन्या वडिलांपाशी फारसी, अरबी, गणित, भूगोल व सुलेखन शिकते आणि आईपाशी गृहकृत्ये. उत्तरार्धात तीच आपल्या मुलास घडविते. पुस्तकास सरकारकडून 400 रुपयांचे पारितोषिक मिळाले, आणि पंजाबातील कन्याशाळांतून ते दीर्घकाळ शिकविले गेले.

या अभ्यासक्रमातील सुलेखनाचे महत्त्व आज चटकन ध्यानात येत नाही. त्या काळच्या अनेक कुलीन घरांत मुलींना वाचू देत, पण लिहू देत नसत. लेखणी हाती आली तर ती कोणासही पत्र धाडील, अशी धास्ती होती. महाराष्ट्रातही मुलीच्या हाती पाटी देण्यास झालेला विरोध सर्वश्रुत आहे. 1848 मध्ये पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी शाळा काढली ती त्यास तोंड देऊनच. वाचन ही दुसऱ्याचे ऐकण्याची, तर लेखन ही आपले सांगण्याची विद्या होय. हालींनी आपल्या नायिकेस दोन्ही दिल्या. पुढे पानिपतात मुलींच्या शिक्षणासाठीही त्यांनी खटपट केली.

‘मुसद्दस’ (1879), ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’ (1893) आणि ‘यादगार-ए-गालिब’ (1897) या ग्रंथांनी त्यांचे वाङ्मयीन स्थान निश्चित केले. ‘मुकद्दमा’तील साधेपणाचा व वास्तवाचा आग्रह हा काव्यशास्त्राचा म्हणून अभ्यासिला जातो, आणि ते योग्यच आहे, तथापि पाठ्यपुस्तके तपासणाऱ्या व मुलांना शिकविणाऱ्या माणसाचा अनुभव त्यामागे उभा आहे, हे विसरता येत नाही. अर्थावाचून केलेले पठण आणि अर्थावाचून रचलेली गझल, या दोहोंविषयी त्यांची तक्रार मुळात एकच होती.

1914 मध्ये पानिपतातच हालींचे निधन झाले. त्यांचे पणतू ख्वाजा गुलाम सैयदैन (1904–1971) हे 1937 मध्ये वर्धा येथील परिषदेनंतर मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा करणाऱ्या झाकीर हुसेन समितीचे सदस्य होते. मातृभाषेतून व हाताच्या कामातून शिक्षण हे त्या आराखड्याचे सूत्र होते. पानिपतातील एका घराण्याची शिक्षणचिंता अशा रीतीने विदर्भाच्या भूमीपर्यंत येऊन पोचली. फाळणीनंतर पानिपतचा मुस्लिम समाज बव्हंशी पाकिस्तानात गेला, आणि हालींच्या भाषेचे वाचक त्यांच्याच गावात विरळ झाले.

2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांची अपरिचित वाक्ये समजून वाचावीत आणि 99 पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात, अशी अपेक्षा ठेविली आहे. तीतील कळीचा शब्द ‘समजून’ हा आहे. त्या एका शब्दासाठी हालींनी आपले गद्य साधे केले, आणि साऱ्या उर्दू काव्याची उलटतपासणी घेतली.