डेव्हिड डग्लस आणि माउंट ब्राउन शिखर

उत्तर अमेरिकेंतील रॉकी पर्वतांत अथाबास्का नांवाची एक खिंड आहे. तिच्या माथ्यावर एक लहानसें तळें असून त्याचें पाणी दोन्ही बाजूंस वाहतें. एका बाजूचें पाणी कोलंबिया नदीच्या वाटेनें पॅसिफिक महासागरास मिळतें, दुसऱ्या बाजूचें अथाबास्का नदींतून दूर उत्तरेस आर्क्टिक महासागराकडे जातें. खंडाचा कणा म्हणतात तो हाच. 1827 सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस या खिंडीलगतचें शिखर जो मनुष्य एकटा चढून गेला, तो गिर्यारोहक नव्हता. तो माळी होता.

डेव्हिड डग्लस याचा जन्म 1799 सालीं स्कॉटलंडांतील स्कोन या गांवीं एका पाथरवटाच्या घरीं झाला. शाळेंत त्याचें मन रमलें नाहीं. (आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढीच गोष्ट ध्यानांत ठेवूं नये!) लहानपणींच तो तेथील सरदारवाड्याच्या बागेंत उमेदवारीस राहिला, आणि मग मात्र वनस्पतींवरील जें पुस्तक हातीं लागेल तें वाचूं लागला. पुढें ग्लासगो येथील वनस्पति-उद्यानांत प्रोफेसर हूकर यांची त्याच्यावर मर्जी बसली. त्यांच्याच शिफारशीनें लंडनच्या उद्यानविद्या मंडळानें त्याला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाठविलें. तेथें 1825 पासून दोन वर्षें त्यानें रानोमाळ हिंडून बीं गोळा केलें. डग्लस फर हा प्रचंड वृक्ष आज त्याच्याच नांवानें ओळखला जातो.

परतीच्या वाटेवर तो हडसन्स बे कंपनीच्या टोळीबरोबर पर्वत ओलांडीत होता. खिंडींत अद्याप बर्फ होतें. सोबत्यांस सोडून दुपारीं तो उत्तरेकडील शिखराकडे निघाला. पहिला अर्धा चढ मऊ बर्फांत रुतत चढावा लागला. वर झाडें संपलीं, मग शेवाळ संपलें, आणि अखेर केवळ बर्फ उरलें. माथा गांठावयास सुमारें पांच तास लागले. दृष्टि पोहोंचेल तेथवर पर्वतच पर्वत होते. उतरतांना, बर्फावर चालण्याचे जोडे बुडाखालीं घेऊन, तो कित्येक ठिकाणीं घसरतच खालीं आला. या शिखरास त्यानें वनस्पतिशास्त्रज्ञ ब्राउन यांचें आणि समोरच्या शिखरास आपल्या गुरूंचें, हूकर यांचें, नांव दिलें.

येथवर सर्व ठीक. पण त्यानें या शिखरांची उंची सोळा-सतरा हजार फूट असल्याचें लिहून ठेविलें, आणि तो आंकडा नकाशांत शिरला. साठांहून अधिक वर्षें हीं दोन शिखरें त्या प्रदेशांतील सर्वांत उंच मानलीं गेलीं. 1893 सालीं टोरांटोचे प्रोफेसर कोलमन मोठ्या हालअपेष्टा सोसून खिंडींत पोहोंचले, तों माउंट ब्राउन अवघें नऊ हजार फुटांच्या घरांत भरलें! पुढें 1898 सालीं कोली हा इंग्रज याच शोधांत असतां त्याला कोलंबियाचें विस्तीर्ण हिमक्षेत्र आढळलें, हा चुकीचा एक अनपेक्षित लाभ.

कांहींनीं डग्लसच्या सचोटीविषयींच शंका घेतली. आम्हांस तें पटत नाहीं. त्या काळीं खिंडीचीच उंची अकरा हजार फूट समजत. वस्तुतः ती सहा हजारांहूनही कमी आहे. पायाच चुकला, तेथें कळस कसा जुळावा? तथापि आम्ही त्याला सर्वस्वीं दोषमुक्तही करीत नाहीं. फुलाची पाकळी न् पाकळी पारखून पाहणाऱ्या या माणसानें येथें अदमासावर भिस्त ठेविली, आणि त्याचा भुर्दंड इतरांस पडला.

बर्फाच्या चकाकीनें व उन्हानें त्याचे डोळे पुढें फार अधू झाले. तरीही 1834 च्या जानेवारींत तो हवाई बेटांतील मौना केआ व मौना लोआ हे दोन उंच पर्वत चढला. त्याच वर्षीं 12 जुलै रोजीं, मौना केआच्या उतारावर, रानटी गुरें पकडण्यासाठीं खणलेल्या खड्ड्यांत त्याचें प्रेत सांपडलें. खड्ड्यांत एक बैलही होता. वय अवघें पस्तीस. त्याचा लहानसा कुत्रा थोड्या अंतरावर मालकाच्या गांठोड्यापाशीं बसून होता. होनोलुलु येथील मिशनच्या चर्चच्या आवारांत डग्लसला मूठमाती देण्यांत आली.