सोलापूरचे वालचंद हिराचंद : जहाज, विमान, साखर आणि आपलं शाळेतलं सायन्स

प्लावक बल, घर्षण, उत्कलनांक हे शब्द आपण परीक्षेपुरते पाठ करतो आणि विसरतो. मग दहावीनंतर सायन्स घ्यायचं की नाही, हे फक्त मार्कांवर ठरतं. यांचा पुढे उपयोग काय, याचं उत्तर मला एका सोलापूरकराच्या आयुष्यात सापडतं. ते म्हणजे वालचंद हिराचंद दोशी.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी. मुंबई-पुण्याला कॉलेजात गेले, पण पदवी न घेताच परतले. घरच्या व्यापारात मन रमेना. मग रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटकांना भागीदार करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचं कंत्राट घेतलं. पुढे बोरघाटातल्या बोगद्यांचंही काम केलं.

बोगदा कशाला? लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यात घर्षण कमी असतं. सपाटीवर हा फायदाच, पण चढ जास्त झाला की चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून डोंगर चढण्यापेक्षा पोखरावा लागतो. किती चढ चालेल, हे मोजणारा माणूस म्हणजे सर्व्हेअर. आपली त्रिकोणमिती त्याचं रोजचं काम आहे.

१९१९ मध्ये वालचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ ला त्यांचं एसएस लॉयल्टी हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. समुद्रावर तेव्हा ब्रिटिश कंपन्यांचं राज्य होतं. ही हिंमत लक्षात राहावी म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आहे. पुढे १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली आणि १९४८ मध्ये तिथून जलउषा हे जहाज पाण्यात उतरलं.

खिळा बुडतो, मग लोखंडी जहाज का तरंगतं? कारण ते आतून पोकळ असतं. स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारलं की ते तरंगतं. हा हिशोब नेव्हल आर्किटेक्ट करतो आणि त्याच्या ड्रॉइंगप्रमाणे पत्रे वेल्डर जोडतो. दोघांचंही पोट त्याच एका धड्यावर चालतं.

१९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने त्यांनी बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली. आजची एचएएल तीच. विमानात ॲल्युमिनियम का? तेवढ्याच आकाराच्या लोखंडापेक्षा त्याचं वजन साधारण एक तृतीयांश. घनता शिकलात ना, तीच ही! युद्धाच्या धामधुमीत, १९४२ मध्ये ही कंपनी त्यांच्या हातून सरकारकडे गेली. ते थांबले नाहीत. १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली.

आणि साखर? इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं. उसाचा रस उघड्या कढईत फार तापवला तर साखर करपते. म्हणून कारखान्यात बंद पॅनमधली हवा काढून दाब कमी करतात. दाब कमी झाला की उत्कलनांक खाली येतो आणि पाणी कमी तापमानाला उकळून जातं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत. तिथले केमिस्ट आणि पॅनमन हेच सायन्स रोज वापरतात.

मला यातली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. वालचंद स्वतः इंजिनिअर नव्हते. यंत्रं परदेशातून विकत आणता येतात, पण ती चालवणारे, दुरुस्त करणारे हात इथेच घडवावे लागतात. ८ एप्रिल १९५३ ला ते गेले. आज सांगलीचं वालचंद कॉलेज आणि सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट त्यांच्या नावाने इंजिनिअर घडवतात. फिटर, वेल्डर व्हायचं तर आयटीआय आहे. विमान दुरुस्त करायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स ठेवा.

तेव्हा पुढचा धडा उघडाल तेव्हा एकच प्रश्न विचारा : यावर कुणाचं घर चालतं? आपल्या गावात शोधा, माणूस सापडेल. जाऊन त्याचं काम बघून या. आणि दहावीतला एखादा मित्र असेल तर त्यालाही सोबत घ्या.